त्यांची सहल, आमची डबल

९ नोव्हें., रविवार

वैशाली सापुताऱ्याहून परत आली. समोरचंच दार, त्यामुळे विचारावं लागत नाही. आधी जिन्यात चाकांच्या बॅगेची खडखड, मग तिच्या मुलीची, स्वराची बडबड, मग धाकट्या विहानचं रडणं, आणि हातपाय धुऊन होतात न होतात तोच आमच्या दारावर टकटक. नागलीचे पापड आणले होते आमच्यासाठी. "ताई, तळू नका हां, भाजूनच खा." बरं म्हटलं.

संजय आत झोपलेला. काल डबल, परवाही डबल. (तोंडावर अहो म्हणते, वहीत एकेरी. वही माझी आहे.)

वै.च्या स्टेटसला फोटोंची रांग. एका मोठ्या दगडावर चौघं, मागे दरी, वर रोपवेचा पाळणा. नीलेशच्या खांद्यावर विहान. चौघांच्या टोप्या सारख्या, लाल. स्टेटस कोणी पाहिलं ते तिला दिसतं, कितीदा पाहिलं ते दिसत नाही, म्हणून बरं.

संध्याकाळी पापड भाजले. चांगले होते. चांगले होते याचाही राग आला.

१२ नोव्हें., बुध.

कारण साधं आहे, पण लिहून ठेवते. म्हणजे मी उगाच जळते असं उद्या मलाच वाटायला नको.

सं. आणि वै.चा नवरा नीलेश एकाच यार्न कंपनीत, सामरवरणीच्या पुढे, एकाच मशीनवर. पगार सारखा, घर सारखं, गॅलरीतून दिसणारी आमच्या आमली वस्तीतली गल्लीही तीच. एक सुटतो तेव्हा दुसरा उभा राहतो. धाग्याचं मशीन बंद होत नाही, म्हणून रिलीव्हर आल्याशिवाय पहिल्याला हलता येत नाही. नी. रजेवर गेला की त्याची पाळी सं. ओढतो. म्हणजे डबल. सकाळी गेलेला माणूस रात्री घरी येतो आणि जेवताना पेंगतो. सं. रजेवर गेला तर नी.ने ओढायची. पण सं. रजेवर जातच नाही.

म्हणजे फोटोत टोप्या चार दिसतात, पण तिकडे लांब मशीनपाशी पाचवा माणूस उभा आहे, तो माझा. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस.

आज भाजी घेताना वै. म्हणाली, मुलं लहान आहेत तोवर फिरून घ्यावं, मोठी झाली की कुठली येतात आपल्याबरोबर. खरंच आहे ते. माझा ओम सहा वर्षांचा, चिऊ तीन. मला काय कळत नाही? मेथीची जुडी नुसतीच उलटीपालटी करत राहिले.

१५ नोव्हें., शनि.

शाळेत पालकसभा. ओमच्या सावंतबाई एकदम खूश. सुट्टीत काय केलं ते मुलांना एकेक करून उभं राहून सांगायला लावलं होतं. त्यात ओमने म्हणे सापुतारा असा रंगवला की सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. रोपवेच्या पाळण्यात पायाखाली काच असते, काचेतून ढग दिसतात, मला भीती वाटली तर पप्पांनी घट्ट धरलं.

"किती छान फिरवता हो मुलांना," बाई म्हणाल्या. "सगळे पालक नाही करत."

म्हटलं, हो, जातो अधूनमधून.

रिक्षात ओमने विचारलं, बाई काय म्हणाल्या. छान बोलतोस म्हणाल्या, असं सांगितलं. तो बाहेर बघत राहिला. मीही.

सबंध सुट्टीत आम्ही फार तर दादऱ्याच्या बागेपर्यंत गेलो होतो. तेही मी आणि मुलंच.

१६ नोव्हें., रवि.

पोळ्या करता करता ओमला जवळ बसवून विचारलं. रागावले नाही. तू बसलास का रे रोपवेत? म्हणाला, स्वरा बसली. मग पप्पांनी धरलं म्हणालास ते?

बराच वेळ कणकेची गोळी वळत होता. मग म्हणाला, "स्वराला नीलेशकाकांनी धरलं होतं. मी फक्त पप्पा म्हटलं."

तव्यावरची पोळी करपली.

ठरलं. सापुताराच. महाबळेश्वरला कोणी फुकट नेलं तरी नको. तोच दगड, तोच रोपवे आणि आम्ही चौघं. ओम बोलला ते करून दाखवायचं, म्हणजे ते खोटं राहणार नाही. जरा उशिरा झालेलं खरं, इतकंच.

सं.ला ओमचं काही सांगितलं नाही. त्याला लागेल.

२० नोव्हें., गुरु.

सं.कडे विषय काढला. बघू म्हणाला. याचं बघू म्हणजे नाही, हे लग्नानंतर पहिल्या वर्षीच कळलं होतं. सापुतारा नको, गावी जाऊ, आईला भेटू, रेल्वेने आरामात. दर वेळी रेल्वे, दर वेळी गाव. वापीहून बसायचं, सुरतला गाडी बदलायची आणि अमळनेरला उतरायचं. मुलांना वाटतं जग म्हणजे अमळनेर.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मुद्दाम मोठ्याने त्यांना सांगितलं. त्या माझ्याच बाजूच्या. म्हणाल्या, "पोरेसले कथी तरी फिराई आना वं." फोन स्पीकरवर होता. सं. ने टीव्हीचा आवाज वाढवला.

२८ नोव्हें., शुक्र.

वै. मंडळी दमणला. एका दिवसाचंच, पण समुद्र. सं.ची डबल. दोन डबे भरून दिले, एक दुपारचा, एक रात्रीचा. दुसऱ्यात भाजी मुद्दाम कालचीच घातली.

रात्री आल्यावर म्हटलं, तुम्ही नाही का म्हणत नाही कधी? तर म्हणाला, बिचाऱ्याने विचारलं. बिचारा! विहान वाळूत लोळतोय, स्वराच्या हातात शहाळं, आणि बिचारा कोण, तर नीलेश.

३० नोव्हें., रवि.

आज जिन्यात नी. एकटा सापडला. धीर करून बोलले. भावजी, एकदा आमच्यासाठी तुम्ही करा की डबल. आम्हालाही वाटतं कुठे जावंसं.

तो पायरीवरच थांबला. म्हणाला, "वहिनी, मी दर वेळी म्हणतो. संजयच म्हणतो, तू जा, आमचं नंतर. दमणचं तर आमच्या डोक्यातही नव्हतं. त्यानेच सांगितलं, जाऊन ये, मी बघतो मशीन."

मी गिरणीतून दळण आणायला निघाले होते. तशीच घरी परत आले.

म्हणजे नी. मागत नाही. हा देतो. मी आठ वर्षं मागते आहे, मला बघू, आणि त्याला न मागता. आतापर्यंत वाटायचं मला वै.चा हेवा वाटतो, तिच्या टोप्यांचा, तिच्या दगडाचा. आज वाटतंय मला नीलेशचा हेवा वाटतो. माझ्या नवऱ्याने त्याला जेवढे दिवस दिले तेवढे मला दिले असते तर ओमला शाळेत उभं राहून दुसऱ्याचा बाप उसना घ्यावा लागला नसता.

१ डिसें., सोम.

बोलणं बंद. चहा ठेवते, डबा ठेवते, बोलत नाही. सं. दोनदा विचारून गेला, काय झालं. काही नाही.

नको ते मनात येतं. घरापेक्षा कंपनी का आवडते याला? मशीनवर बायका नाहीत एवढं माहीत आहे. मग काय आवडतं? आम्हीच आवडत नसू.

५ डिसें., शुक्र.

बोलणं सुरू केलं, पण विचारायला नाही, सांगायला. रविवारी चौदा तारखेला रमेशभाईंची भाड्याची ईको गाडी ठरवली आहे. नी. डबल करणार आहे, मी त्याच्याशी बोलले आहे. सं. घास हातात धरून बसला. म्हणाला, मला विचारायचं तरी. मी म्हटलं, आता विचारते, येणार का? मुलं समोर होती. ओमने ताटातून मान वर केली आणि बापाकडे बघत राहिला. सं. हो म्हणाला.

जिंकल्यासारखं वाटलं. जेवण गेलं नाही तरी.

१३ डिसें., शनि.

दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी झाली, मुलांचे स्वेटर काढले. चिऊ दुपारपासून बूट घालून बसली आहे, झोपतानाही काढू देत नव्हती.

वै. आली, हातात त्या चार लाल टोप्या. "ताई, वर थंडी असते, घेऊन जा." नको म्हणणार होते. पण ओमने लगेच घातली, चिऊने विहानची ओढली. म्हणजे आता माझ्या फोटोतही तिच्याच टोप्या. वर रोपवेला सकाळीच रांग लावा, दगडाकडे डावीकडून जा, असलं सगळं सांगत बसली. मायेनेच सांगत होती. माया असली की भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत.

सं. ने खिशात दोन लिंबं टाकली. कशाला विचारलं तर म्हणाला, असू दे.

१४ डिसें., रवि. (सोमवारी पहाटे लिहिते आहे, काल हातात बळ नव्हतं)

सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी निघालो. सं. पुढे रमेशभाईंच्या शेजारी, आम्ही तिघं मागे. वापीपर्यंत गाणी, धरमपूरपर्यंत ओमचे प्रश्न. त्यानंतर रस्ता वळायला लागला. सं. एक शब्द बोलत नव्हता. मुलं पप्पा पप्पा करत होती, हा काचेला डोकं लावून, मुठीत लिंबू. मला वाटलं राग आहे, जबरदस्तीने आणलं म्हणून. मीही मनात म्हटलं, असू दे राग, रोपवेत बसल्यावर बघू.

वांसद्याच्या अलीकडे त्याने गाडी थांबवायला सांगितली. दार उघडायलाही वेळ मिळाला नाही. नीलेशच्या टोपीत सगळं.

ते बघून चिऊचं सुरू झालं. विहानच्या टोपीत.

ओमला आधी हसू आलं, मग रडू.

पाणी मारलं, लिंबू दिलं, निघालो. पुन्हा थांबलो. पुन्हा निघालो. वघईला पोचलो तेव्हा सं. पांढराफटक. चहाच्या टपरीशेजारी मोरीच्या कठड्यावर बसला आणि रमेशभाई खुशीत मला सांगतात, "घाट तो हवे शरू थशे, बेन." म्हणजे घाट आता कुठे सुरू होणार.

मी सं.समोर उभी राहिले. म्हटलं, हे काय आहे?

म्हणाला, "मला गाडी लागते. लहानपणापासून. रेल्वेत नाही लागत, बाकी सगळ्यात लागते."

आठ वर्षं! लग्नाच्या वरातीच्या जीपमध्ये हा पुढे बसून सगळा वेळ बाहेर बघत होता, मी नवी नवरी मागे बसून विचार करत होते, बायको पसंत नाही की काय. माझ्या भावाच्या लग्नाला बसमध्ये दारातच उभा राहिला, म्हणाला, मला वारा आवडतो. दर वेळी रेल्वे, दर वेळी अमळनेर. आणि डबल. दर वेळी डबल. नी. फिरायला गेला की याला रजा मिळूच शकत नाही, मग कोणी याला सहलीला चल म्हणणार नाही. काय डोकं चालवलं आहे माणसाने.

मला सांगायला काय झालं होतं, असं विचारलं. म्हणाला, "पोरं बघतील म्हणून. बाप ओकतो हे कशाला बघायचं त्यांनी."

मग मीही सांगून टाकलं. शाळेचं, रोपवेचं, नीलेशकाकांच्या जागी पप्पा म्हटल्याचं. सांगायचं नव्हतं, पण राग इतका होता की सगळं बाहेर आलं.

त्याने तोंड धुतलं, दुसरं लिंबू फोडलं आणि म्हणाला, बसा गाडीत. रोपवे बघायचा.

दोन वळणं चढलो. सं. ने डोळे मिटून घेतले होते, कपाळावर घाम. चिऊ पुन्हा, या वेळी ओमच्या स्वेटरवर. ओमने आधी स्वेटरकडे बघितलं, मग पुढच्या सीटवर वाकून बापाकडे बघितलं. म्हणाला, "मला नाही जायचं रोपवेला. पप्पांना घरी नेऊ."

रमेशभाईंनी गाडी वळवली. मी रडत होते. इतक्या जवळ येऊन. तो दगड तिथेच वर कुठेतरी असणार.

वघईला परत आलो तर सं. म्हणाला, मी आता या गाडीत बसत नाही, चालत घरी जाईन. टपरीवाल्याने ऐकलं. म्हणाला, मग छोटी गाडी आहे ना, बिलीमोऱ्यापर्यंत. स्टेशन इथेच. बिलीमोऱ्याहून वापीला मोठी रेल्वे मिळेल.

छोटी गाडी म्हणजे खरंच छोटी. रूळ इतके जवळ की ओमने दोन पाय दोन रुळांवर ठेवून पाहिले, थोडक्यात हुकलं. डबे आपल्या रेल्वेसारखेच, फक्त लहान. ईको पुढे पाठवून दिली आणि आम्ही चढलो. गाडी हलल्यावर आठवलं, दशम्यांची टोपली ईकोतच राहिली.

आणि मग सं. निराळाच माणूस झाला. पाच मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. चिऊला मांडीवर घेतलं, ओमला खिडकीशी बसवलं आणि बोलायला लागला. लहानपणी रुळावर कान ठेवून गाडी कशी ऐकायचे, गार्डची शिट्टी कशी ओळखायची, इंजिन कसं वळवतात. सागाची पानं खिडकीला घासत होती. एक सायकलवाला आमच्या पुढे निघून गेला तेव्हा दोन्ही पोरं इतकी हसली की समोरच्या आजीही हसायला लागल्या. ओमने हात बाहेर काढला, सं. ने आत ओढून घट्ट धरून ठेवला. तो हात मी सबंध वेळ बघत होते.

इतकी वर्षं हा माणूस कुठे होता? मला माझ्या पोरांचाही हेवा वाटला, खरं सांगते. माझ्याशी कधी एवढं बोलला नाही.

भुकेने जीव चाललेला. त्या आजींनी उकडलेल्या शेंगा दिल्या. त्यांच्या नातीने आमचा फोटो काढला, चौघांचा. सं.चे डोळे मिटलेले आलेत. टोप्या नाहीत.

१५ डिसें., सोम.

सासूबाईंना फोन करून विचारलं. तर त्या माझ्यावरच हसल्या. "तुले मालूम नई का? त्याले ल्हानपणपाईन गाडी लागस." सगळ्या गावाला माहीत, मला सोडून.

टोप्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. रमेशभाईंनी टोपली आणून दिली, रिकामी. दशम्या चांगल्या होत्या म्हणाले.

चौघांचा फोटो स्टेटसला ठेवला. कुठे ते लिहिलं नाही. वै.ने सगळ्यात आधी पाहिला. दहा मिनिटांत दारात.

"ताई, हे कुठलं? सापुताऱ्याला अशी गाडी नाही ना?"

तिकडेच, जरा आत, असं म्हटलं. म्हणाली, मजा आहे तुमची. विहानला तर रेल्वेचं वेड. मी टोप्या दिल्या. धुतल्या कशाला म्हणाली. धूळ लागली होती, असं सांगितलं.

ती गेल्यावर आरशात पाहिलं, हसत होते. वाईट आहे, पण हसत होते.

१९ डिसें., शुक्र.

शाळेच्या फाटकात सावंतबाईंनी थांबवलं. ओमने वर्गात स्वतःहून हात वर केला म्हणे. म्हणाला, रोपवेत स्वरा बसली होती, मी नव्हतो बसलो. मी छोट्या गाडीत बसलो. माझे पप्पा आणि चिऊ टोपीत ओकले, आणि मग पप्पांनी माझा हात धरला.

वर्ग हसून हसून लोळला. ओमही हसत होता, बाई म्हणाल्या.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण मग त्या दिवशी तुम्ही हो कशाला म्हणालात?"

मी चिऊचं नाक पुसत बसले.

घरी येऊन सं.ला सांगितलं. टोपीचं ऐकून तो डोक्याला हात लावून बसला. मग हळूच विचारलं, हात धरल्याचं पण सांगितलं का? हो म्हटलं. पुन्हा एकदा सांग म्हणाला.

२१ डिसें., रवि.

बालवाडीत चिऊ सगळ्यांना सांगते, आमची गाडी. आमची छोटी गाडी. मला ऐकायला बरं वाटतं. पहिल्यांदा काहीतरी असं आहे जे समोरच्या दारात नाही.

वै.ने आज पुन्हा विचारलं, नाव काय त्या स्टेशनचं. नेमकं दूध उतू जात होतं, आत पळाले. (उतू जात नव्हतं.)

२३ डिसें., मंगळ.

सगळं ओमने फोडलं. स्टेशनचं नाव, टपरी, शेंगा, सायकलवाला, सगळं स्वराला सांगून मोकळा. वर तिला वचन देऊन आला आहे की खिडकीची जागा तुला, मी मधे बसेन. मी म्हटलं, अरे, आपण सगळे एकत्र नाही जाऊ शकत. पप्पा किंवा नीलेशकाका, दोघांपैकी एकाला मशीनवर थांबावं लागतं. त्याने विचार केला. म्हणाला, मग ते जाऊ देत. विहान लहान आहे.

त्याला हे कुठून सुचतं कळत नाही. माझ्याकडून तर नाही.

संध्याकाळी नी.चा फोन. सं. गॅलरीत उभा राहून बोलत होता, मी आत कणीक मळत होते. पुढच्या रविवारची रजा. छोट्या गाडीसाठी. स्वरा जेवत नाही म्हणे, विहान टोपी घालून दारात बसून असतो.

मी वाट बघत होते, आता म्हणेल, जा तू, मी बघतो मशीन.

सं.ने वळून आत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हिला विचारून सांगतो."

फोन ठेवून आत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. आठ वर्षांत पहिल्यांदा डबल माझ्या हातात आहे. एक हो म्हटलं की आमची गाडी त्यांची, खिडकीशी स्वरा, नी.च्या मांडीवर विहान, सागाची पानं, त्या लाल टोप्या, आणि रात्रीपर्यंत वै.चं स्टेटस. आणि माझा नवरा सोळा तास मशीनपाशी. एक नाही म्हटलं की पुढचा रविवार आमचा. सं. स्वतःहून म्हणाला आहे, पुन्हा जाऊ, या वेळी दशम्या हातात धरू.

ओम दारातून डोकावून बघत होता.

कणीक कधीच मळून झाली होती. मी मळतच राहिले.